भिंग, पितळी मूठ, नग एक

शेवटी चोर सापडला, आणि तो मीच निघालो. कार्यालयातल्या फाइलवर तसं लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे, सहीखाली तारीख आहे आणि तारखेवर गोल शिक्का आहे. आता हे तुम्ही वाचलेलंच नाही असं आपण धरून चालू. रहस्यकथेत शेवट आधी सांगणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या नावावर सध्या एक गुन्हा पुरेसा आहे. तर अजून काहीही घडलेलं नाही. मी निर्दोष आहे. बाहेर स्वच्छ ऊन पडलं आहे.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाची जागा सहा वर्षं रिकामी असल्यामुळे मी नेमकं कोणाला साहाय्य करतो हे कोणी विचारत नाही. नेमणूक अकरा महिन्यांची. बारावा महिना लागला तर माणूस आपल्याला कायम समजायला लागेल, या भीतीने अकराव्या महिन्याच्या शेवटी त्याला निरोप द्यायचा आणि दोन दिवसांनी, प्राचार्यांची मर्जी असेल तर, त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यायची अशी आमच्याकडे पद्धत आहे. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा माझा दहावा महिना चालू होता. त्या महिन्यात मी चार जाड पुस्तकं हातात घेतल्याशिवाय एकदाही जिना उतरलो नाही. प्राचार्य कुठल्या मजल्यावर भेटतील सांगता येत नाही.

प्राचार्य अबोल आहेत. वर्षातून तीन भाषणं करतात आणि तिन्ही भाषणांत एक वाक्य असतंच: "मी या वयातही चष्म्याशिवाय वाचतो." यावर टाळ्या पडतात. मीही वाजवतो. दहाव्या महिन्यात जरा जास्त.

आता माझं व्यसन सांगतो. मला घरगुती रहस्यकथा आवडतात. ज्यांत रक्त सांडत नाही, सांडलाच तर चहा सांडतो. त्यातही शिकल्यासवरल्या लोकांच्या. एखादा विभाग, चार प्राध्यापक, एक नाहीशी झालेली वस्तू. शोध लावणारा पोलीस नसतोच, तो कोणीतरी तळटीपा लिहिणारा माणूस असतो आणि तो गुन्हेगाराला संदर्भसूचीवरून पकडतो. खून मला चालत नाही. खून झाला की बाहेरची माणसं येतात, आणि मग आपापसातलं बोलता येत नाही.

अशा शंभरेक कथा वाचल्यावर मला वाटलं, एक आपणही लिहावी. लिहिली. अकरा पानं. नाव: 'भिंग कोणी नेलं?' महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं पितळी मुठीचं भिंग नाहीसं होतं, सहायक ग्रंथपाल शोध घेतो, दहा पानं सगळ्यांवर संशय फिरतो आणि अकराव्या पानावर कळतं की भिंग प्राचार्यांनी नेलं. बिचाऱ्यांची नजर गेलेली असते, आणि इतकी वर्षं 'चष्म्याशिवाय' असं सांगितल्यामुळे आता चष्मा लावायची सोय उरलेली नसते. सहायक ग्रंथपाल त्यांना काही बोलत नाही. नुसता खिडकीचा पडदा थोडा बाजूला करतो, उजेड येण्यासाठी. हा पडदा लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

कथा लिहून झाली की लेखकाला एकच गोष्ट हवी असते: अभिप्राय. कोणीतरी वाचावं आणि काहीतरी म्हणावं. 'छान आहे' म्हटलं तरी चालतं. या एका शब्दापायी पुढचं सगळं झालं.

पहिली वाचक आई. आई कुठलंही लिखाण शेवटच्या पानापासून वाचते. कोण सुखरूप राहिलं हे कळल्याशिवाय ती कोणात जीव अडकवत नाही. तिने अकरावं पान उभ्याउभ्याच वाचलं.

"प्राचार्यांनी नेलं होय," ती म्हणाली. "डोळे गेले बिचाऱ्याचे."

"हो, पण आता पहिल्यापासून वाच."

"कशाला? कळलं की."

"आधीच्या दहा पानांत संशयित आहेत."

"त्यांनी नेलंच नाही ना? मग त्यांच्याबद्दल कशाला बोलायचं? उगाच लोकांना नावं ठेवणं."

एवढं बोलून तिने ते पान घडी न घालता गळक्या फुलदाणीखाली ठेवलं, टेबलावर पाणी उतरू नये म्हणून. माझ्या साहित्याचा घरगुती उपयोग सुरू झाला होता.

दुसरे वाचक शेजारचे काका. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आहेत. चाळीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासल्यामुळे समोरचा काहीही बोलला की ते मान एका बाजूला झुकवतात आणि वाक्य किती भरतं ते पाहतात. कथा त्यांनी हातात घेतली, वर-खाली केली आणि वाचण्याआधीच तीन सल्ले दिले.

"वर 'कथा' असं लिहिलंयस, ते खोड. काट्यावर कोणी 'काटा' असं लिहितं का? ज्याला कळायचं त्याला कळतं."

मी खोडलं.

"माणसांना नावं दिलीस. नावं दिली की त्या नावाची माणसं भांडायला येतात. नुसते हुद्दे लिही."

मी नावं काढून हुद्दे घातले: अधीक्षक, वनस्पतिशास्त्र विभागप्रमुख, व्याकरणाचे प्राध्यापक.

"आणि शेवटचं पान कोणाला देऊ नकोस. शेवट मिळाला की वाचक मत देत नाही, जांभई देतो. त्याला विचार, चोर कोण? मग बघ कसा बोलतो ते."

हा सल्ला आईच्या वाचनपद्धतीवर उतारा म्हणूनही मला पटला. अकरावं पान फुलदाणीखालीच राहिलं.

काकांच्या सल्ल्यांत वाईट एकही नव्हता. प्रत्येकाने माझ्या कथेतून ती कथा असल्याची एकेक खूण काढून घेतली, इतकंच.

तिसऱ्या वाचक वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. ग्रंथालयात नियमित येणाऱ्या एकट्या त्याच. त्यांच्या विभागातला पंखा बिघडलेला आहे. "ठेवून द्या तुमच्या टेबलावर, दुपारी नेते," त्या म्हणाल्या. मी दहा पानं एका तपकिरी पुठ्ठ्याच्या फाइलीत घातली, कारण ग्रंथालयात दुसऱ्या रंगाची फाइल मिळत नाही. नाडी बांधली, कारण नाडी होती. आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'अभिप्रायासाठी.'

ज्यांनी कधी कार्यालयात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तपकिरी फाइल, नाडी आणि 'अभिप्रायासाठी' या तीन गोष्टी एकत्र आल्या की ते प्रकरण होतं. मग त्यात आत काय आहे याला महत्त्व राहत नाही. आमचे शिपाईमामा तीस वर्षं अशा फाइली नेत आले आहेत. ते दुपारी ग्रंथालयात आले, फाइल पाहिली, काखेत मारली आणि मॅडम येण्याच्या दहा मिनिटं आधी कार्यालयात नेऊन दिली. मामांनी इतक्या तत्परतेने काम केल्याची ती वर्षातली एकमेव वेळ.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो तेव्हा माझ्या कथेच्या शीर्षकावर जांभळा शिक्का बसला होता. आवक क्रमांक तीनशे बारा. प्रश्नचिन्ह शिक्क्याखाली गेलं होतं, त्यामुळे आता नुसतं 'भिंग कोणी नेलं' असं दिसत होतं. चौकशी केल्यासारखं नाही, ओरडल्यासारखं.

अधीक्षक मॅडम आमच्या कार्यालयाच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर तीन पेनं असतात आणि ती कोणालाही मिळत नाहीत.

"मॅडम, ती फाइल चुकून आली. ती माझी कथा आहे."

"कथा असती तर ग्रंथालयात असती. इथे आलीय म्हणजे प्रकरण आहे."

"मग परत देता का?"

"आवक झालंय ते. परत न्यायचं तर मागे घेण्याचा अर्ज करा. तो याच फाइलला लागेल आणि तिच्याबरोबरच फिरेल."

"कुठे फिरेल?"

त्यांनी माझी चिठ्ठी बोटाने दाखवली. "अभिप्रायासाठी म्हटलंय ना तुम्ही? सगळ्या विभागांत."

आता खरं सांगतो. या क्षणी मी जोर लावला असता तर फाइल थांबली असती. मी लावला नाही. सगळे विभाग म्हणजे कार्यालय धरून चौदा विभाग, म्हणजे किमान चौदा वाचक. मी लिहिलेलं चौदा शिकलेली माणसं वाचणार आणि सक्तीने त्यावर लेखी मत देणार. असं भाग्य भल्याभल्या लेखकांना मिळत नाही. मी "बरं मॅडम" म्हणालो आणि निघालो. जाताना माझी छाती थोडी पुढे आली असावी, कारण दाराला खिशातलं पेन अडकलं.

फाइल फिरू लागली. मामा तिला एका विभागातून दुसऱ्यात नेत आणि वाटेत ग्रंथालयात बसून पाणी पीत. पहिल्याच दिवशी त्यांनी फाइल माझ्यासमोर ठेवली आणि चष्मा काढला.

"सर, मी काच पुसतो. मला त्याशिवाय दिसत नाही. तेवढ्यात कोणी काय बघितलं ते मला काय माहीत."

मामा चष्मा फार सावकाश पुसतात. त्यामुळे माझे पहिले सहा अभिप्राय मला वाचायला मिळाले.

अधीक्षक मॅडम: 'पृष्ठ ३ वर प्राध्यापक सव्वाअकराला आल्याचे दिसते. उशिराची परवानगी घेतली होती काय?'

भौतिकशास्त्र: 'भिंगाचे नाभीय अंतर दिलेले नाही. त्याशिवाय मत देणे अशास्त्रीय ठरेल.'

वनस्पतिशास्त्राच्या मॅडम, ज्यांच्यासाठी हे सगळं होतं: 'पृष्ठ ५ वर खिडकीपासून दूर ठेवलेल्या कुंडीला फुले आल्याचे साक्षीदार सांगतो. हे रोप सावलीत फुलत नाही. साक्षीदार खोटे बोलत आहे.' हा धागा मला स्वतःला सुचला नव्हता. कुंडी मी शोभेला ठेवली होती.

व्याकरणाचे सर: 'भिंग हा शब्द नपुंसकलिंगी आहे. लेखकाने तो सर्वत्र तसाच वापरला आहे, याचे आश्चर्य वाटते.'

अर्थशास्त्र: 'पाहिले.'

क्रीडा विभाग: 'एवढ्या मोठ्या प्रकरणात क्रीडा विभागाचा साधा उल्लेखही नाही. हे नेहमीचेच आहे.'

कथा आवडली की नाही हे एकानेही लिहिलं नव्हतं. पण लोक वाचत होते. व्याकरणाचे सर जिन्यात मला अडवून म्हणाले, "पान सातवरचे 'व्याकरणाचे प्राध्यापक' शेंगदाणे खाता खाता खोटं बोलतात. मी शेंगदाणे खात नाही."

"सर, ते तुम्ही नाहीच."

"मग दुसरे व्याकरणाचे प्राध्यापक कोण आहेत इथे?"

दुसरे नव्हते. काकांचा सल्ला मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजला. नाव दिलं असतं तर त्या नावाची माणसं चिडली असती. ती जगात कुठेही असू शकतात. हुद्दा दिल्यावर एकच माणूस चिडतो आणि तो याच जिन्यात असतो.

इथपर्यंतचं सगळं रुसव्याफुगव्यावर निभावलं असतं. पण अधीक्षक मॅडमनी एक काम केलं, जे माझ्या माहितीत त्या ग्रंथालयासाठी कोणीच कधी केलेलं नव्हतं. त्यांनी डेडस्टॉक उघडला. डेडस्टॉक म्हणजे कपाटं, घड्याळं, टेबलं अशा खर्च न होणाऱ्या वस्तूंची जाडजूड नोंदवही. माझ्या कथेत कोणी मेलेलं नव्हतं; मेलेला होता तो हा स्टॉक, आणि तोच उठून बसला.

मला बोलावणं आलं. मॅडमनी नोंदवही माझ्याकडे वळवली. पिवळ्या पानावर, माझ्या जन्माच्या आधीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'भिंग, पितळी मूठ, नग १. ग्रंथालय. जुने नकाशे वाचण्याकरिता.'

मी ती ओळ दोनदा वाचली.

"मॅडम, मला हे माहीत नव्हतं. मी भिंग मनाने लिहिलं. पितळी मूठ तर नुसती चांगली वाटली म्हणून घातली."

"कथा काल्पनिक असेल तुमची. भिंग काल्पनिक नाही." त्यांनी वही मिटली. "कुठे आहे ते?"

मी ग्रंथालय पालथं घातलं. कपाटांमागे हात घातला, नकाशांच्या नळ्या झटकल्या, एक बाद झालेलं रजिस्टर आणि दोन खुर्च्यांचे मिळून तीन पाय सापडले. भिंग नव्हतं. माझ्या कथेत होतं तसंच, नेमकं तेच नव्हतं.

तीन जणांची समिती नेमली गेली: अधीक्षक मॅडम, व्याकरणाचे सर आणि क्रीडा विभाग. क्रीडा विभागाला उल्लेख न झाल्याची भरपाई म्हणून घेतलं असावं. फाइलवर लाल शाईने 'गोपनीय' असं लिहिलं गेलं. त्या दिवसापासून मामांनी ग्रंथालयात चष्मा पुसणं बंद केलं. "लाल आहे सर," ते म्हणाले. "लाल असलं की माझी काच स्वच्छ असते." उरलेल्या आठ विभागांचे अभिप्राय माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच कथेवर, मला न दिसता लिहिले जात होते. इतिहासवाल्यांनी तर वेगळी पुरवणी जोडल्याचं कळलं. सात पानांची. दहा पानांच्या कथेवर सात पानं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

समितीने कथा पुरावा म्हणून वाचली आणि तिला कथेतला खरा दोष सापडला. कथा दहाव्या पानावर मध्येच संपत होती. मला पत्र आलं: 'प्रकरणातील शेवटचे पान गहाळ असून त्यावर गुन्हेगाराचे नाव असण्याची दाट शक्यता आहे. सदर पान शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सादर करावे. न केल्यास ते आपण दडवल्याचे समजण्यात येईल.' आणि त्याच लिफाफ्यात, कागद वाचवण्यासाठी, दुसरं पत्र: 'आपली अकरा महिन्यांची मुदत येत्या सोमवारी संपत आहे. पुनर्नेमणुकीबाबत मा. प्राचार्य उचित निर्णय घेतील.'

दोन्ही पत्रं मांडीवर ठेवून मी संध्याकाळी काकांसमोर बसलो.

"खरं पान दिलं तर प्राचार्य वाचणार की चोर प्राचार्य आहेत, आणि त्यांना दिसतही नाही. सोमवारी मी घरी. नाही दिलं तर मी पान दडवलं, तरी सोमवारी घरी."

काकांनी मान झुकवली. "दोन्ही पारडी सारखी."

"मग?"

"काट्याचं मधलं बोट हलव."

"म्हणजे काय करू?"

"ते मला काय माहीत? मी फक्त तपासत होतो. दुरुस्तीवाला वेगळा यायचा."

आई आतून म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं तरी नाव घाल. ज्याला वाईट वाटणार नाही अशाचं."

असा माणूस मी रात्रभर शोधला. प्रत्येक हुद्द्याचा एकच मालक, आणि प्रत्येकाला वाईट वाटणार. पहाटे लक्षात आलं की एक हुद्दा उरलाय. सहायक ग्रंथपाल. कथा तोच 'मी' म्हणून सांगत होता. शोध घेणाराच चोर निघाला तर रहस्यकथा म्हणूनही ते वाईट नव्हतं. उलट थोडं भारदस्तच वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मी फुलदाणीखालचं मूळ पान काढून बॅगेत घातलं. भाषा जुळायला हवी, म्हणून समोर ठेवून नवा शेवट लिहिणार होतो. ग्रंथालयाच्या संगणकावर लिहिलाही: 'ते भिंग मीच घेतलं. मोह झाला. कोणावरही संशय घेऊ नये.' पुढे दोन परिच्छेद पश्चात्ताप. पश्चात्ताप चांगला जमला होता.

आता छपाई. आमच्या कार्यालयाचा नियम आहे की अंतर्गत कामासाठी कोरा कागद वापरायचा नाही. कोऱ्या कागदाला मागणीपत्र लागतं आणि ते मंजूर व्हायला आठवडा जातो. म्हणून सगळे पाठकोरे वापरतात: एका बाजूला जुनं काहीतरी छापलेलं, पाठ कोरी. मागच्या बाजूचं वाचायचं नाही, ते रद्द समजायचं, हा अलिखित शिष्टाचार. आमच्याकडे मी एका रजेच्या अर्जामागे कोणाच्या तरी लग्नाची अर्धी यादी पाहिली आहे आणि सभ्यपणे दुर्लक्ष केलं आहे. तर, बाराला पाच कमी असताना मी टेबलावरचे सगळे पाठकोरे गोळा केले, ठोकून कडा सारख्या केल्या, छपाईयंत्रात घातले, नवं पान काढलं, सही केली आणि धावत जाऊन अधीक्षक मॅडमच्या हातात दिलं. बारा वाजून एक मिनिट झालं होतं. त्यांनी ते मिनिटही लिहून घेतलं.

परत आल्यावर फाडून टाकायला मूळ पान शोधलं. सापडलं नाही. केराच्या टोपलीत गेलं असेल असं मी मनाला सांगितलं. मन ऐकून घेतं, हा त्याचा मोठा गुण आहे.

सोमवारी साडेचारला प्राचार्यांनी बोलावलं.

त्यांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. टेबलावर माझी फाइल, आता दोन बोटं जाड. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. माझं शेवटचं पान उचललं, हाताच्या अंतरावर धरलं, मग आणखी लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं. हात पुरेना तेव्हा थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग खणाची किल्ली फिरल्याचा आवाज आला.

मी छताकडे पाहत राहायला हवं होतं. पण मी रहस्यकथांचा वाचक आहे, माझी नजर खाली आली. त्यांच्या हातात भिंग होतं. मूठ पितळी. वापरून वापरून उजळ झालेली.

नवा शेवट त्यांनी ओळ न् ओळ वाचला. पश्चात्तापाशी थोडं थांबले. मग पान टेबलावर ठेवून उलटलं.

उलटलं की मला पलीकडची बाजू दिसली, आणि तिच्यावर फुलदाणीच्या बुडाचा गोल डाग दिसला.

आयुष्यात एवढा वेळ मी कधी उभा राहिलेलो नाही. भिंग पहिल्या ओळीवरून निघालं. नजर गेल्याच्या परिच्छेदावर आलं. तिथून पुढे सरकेना. मग अगदी सावकाश शेवटाकडे गेलं, पडद्यापर्यंत.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पाठकोरा कागद आहे, सर."

"मागचं रद्द समजतात ना?"

"हो सर. वाचत नाहीत ते."

"उत्तम."

त्यांनी पेन उघडलं आणि त्या मागच्या बाजूला, माझ्या मूळ शेवटाच्या खाली, भिंगातून पाहत पाहत काहीतरी लिहायला घेतलं. अक्षर मुंगीएवढं. ज्याला स्वतःचंच अक्षर दिसत नाही तो एवढं बारीक का लिहितो, देव जाणे. चार ओळी झाल्या. पाचवी झाली. मी टाचा उंचावल्या. 'शेवट' हा एक शब्द मला उलटा दिसला. शेवट कसा, ते त्यांच्या अंगठ्याखाली होतं. मग फाइल मिटली, नाडी बांधली गेली आणि भिंग खणात गेलं.

मला दुसरं काही सुचलं नाही. जाताना मी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला.

"असू द्या तसाच," ते पाठीमागून म्हणाले.

पाच वाजता कार्यालयात गेलो तेव्हा अधीक्षक मॅडम माझा कार्यमुक्तीचा कागद घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे तो पडला होता.

"तुम्हाला सोडता येत नाहीये," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सोडायचं तर बेबाकीचा दाखला लागतो. तुमच्याकडे संस्थेची एकही वस्तू उरली नाही असा. तुम्ही तर लिहून दिलंय की भिंग तुमच्याकडे आहे."

"किंमत भरून टाकू का?"

"किमतीच्या रकान्यावर शाई सांडलीय. किंमत माहीत नाही, भरून काय घेणार? साहेबांनी आत्ताच या कागदावर शेरा दिलाय." त्यांनी वाचून दाखवला. "'वस्तू प्रत्यक्ष परत मिळेपर्यंत सदर कर्मचाऱ्यास कार्यमुक्त करू नये. शोध चालू ठेवावा.'"

"मुदत आज संपते ना पण?"

"संपते. पण संपवता येत नाही." त्यांनी तिन्ही पेनं सरळ करून ठेवली. "भिंग सापडेपर्यंत तुम्ही इथेच. सापडेल असं वाटतं का?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "अवघड आहे, मॅडम."

याला दोन वर्षं झाली. या महाविद्यालयात चोरी कबूल करून कायम झालेला मी एकटाच. काका म्हणतात, काटा बिघडलेला असला तरी एकदा शिक्का बसला की तो बरोबर. आई नातेवाइकांना सांगते की मुलगा नोकरीत पक्का झाला. कसा, असं कोणी विचारलं तर म्हणते, "लिहिण्यावर." प्राचार्य जिन्यात भेटतात. हातात पुस्तकं नसली तरी आता ते काही म्हणत नाहीत. भाषणातलं ते वाक्यही त्यांनी अजून सोडलेलं नाही. मी टाळ्या वाजवतो. मनापासून, आणि सगळ्यांच्या आधी.

मला एकच खंत आहे, आणि तिच्यापायी मी दर तीन महिन्यांनी एक अर्ज करतो. तो दर वेळी त्याच फाइलला लागतो, फाइल गोपनीय असल्यामुळे मला त्याचं उत्तर दाखवता येत नाही, आणि मी पुन्हा अर्ज करतो. ताजा अर्ज असा:

'प्रति, मा. प्राचार्य. विषय: प्रकरण क्रमांक ३१२ मधील अभिप्राय पाहावयास मिळणेबाबत. महोदय, मी या प्रकरणातील कबूल गुन्हेगार असून लेखकही आहे. गुन्हेगार म्हणून माझी कोणतीही तक्रार नाही. लेखक म्हणून विनंती की, उर्वरित आठ विभागांचे अभिप्राय, इतिहास विभागाची सात पानी पुरवणी, आणि विशेषतः शेवटच्या पानाच्या रद्द समजल्या जाणाऱ्या बाजूवरील पाच ओळी मला कार्यालयात बसून, अधीक्षकांच्या देखरेखीखाली, फक्त दहा मिनिटे वाचावयास मिळाव्यात. सदर ओळी अत्यंत बारीक अक्षरांत असल्याने, वाचनापुरते एक भिंग उपलब्ध करून द्यावे. वापर होताच ते जिथून आले त्याच खणात, कोणासही न सांगता, परत ठेवण्यात येईल. कळावे.'